लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी टाकताय? मग जुन्या हार्ड डिस्कसाठी योग्य केसिंग असे निवडा

गेल्या वर्षभरात भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीकडच्या अनेक घरांत एकच चर्चा ऐकू येते : लॅपटॉप फार हळू झाला, काय करायचं? आठ-दहा वर्षांपूर्वी पोराच्या इंजिनिअरिंगसाठी किंवा पोरीच्या डी.एड.साठी घेतलेला लॅपटॉप आता सुरू व्हायलाच चहा होईपर्यंत वेळ घेतो. त्यातच मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. दुरुस्तीवाले सांगतात, "जुनी हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका, लॅपटॉप पळेल." हा सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो.

पण एक प्रश्न मागे राहतो. काढलेल्या जुन्या डिस्कचं काय? कुणी ती दुकानातच सोडून येतो, कुणी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकतो. त्या डिस्कवर मात्र घरातल्या निकाहचे फोटो असतात, दादांच्या शेतीच्या खरेदीखताची स्कॅन कॉपी असते, मुलांच्या टीसी, जातीचे दाखले, पासपोर्ट, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं असतं. आमच्या दृष्टीने ती डिस्क म्हणजे घराची अमानत आहे. ती अमानत पुन्हा उघडून पाहता यावी, यासाठी लागते एक छोटी डबी. बाजारात तिला केसिंग, हार्ड डिस्क केस किंवा एन्क्लोजर म्हणतात. ही डबी निवडताना कोणत्या चुका होतात आणि त्या कशा टाळायच्या, ते या लेखात सांगतो.

एका जमातीचा अनुभव

विषय नुसता तांत्रिक नाही, हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं. केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी उम्मीद पोर्टल सुरू केलं आणि माहिती भरायला सहा महिन्यांची मुदत दिली. गावोगावच्या मशिदी, दर्गे, कब्रस्तानांच्या कमिट्यांची जुनी कागदं शोधायची धावपळ सुरू झाली. आमच्या ओळखीच्या एका जमातीकडे कब्रस्तानाच्या जागेची कागदं बऱ्याच वर्षांपूर्वी स्कॅन करून ठेवलेली होती. मूळ कागद इतके जीर्ण झाले होते की काही ओळी वाचताही येत नव्हत्या. स्कॅन मात्र स्वच्छ होते.

पण ते होते कुठे? कमिटीच्या एका सदस्याच्या लॅपटॉपवर. आणि त्या लॅपटॉपमध्ये वर्षभरापूर्वीच एसएसडी टाकली होती. जुनी डिस्क घरच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. घाईत ऑनलाइन एक केसिंग मागवलं, तर ते भलत्याच प्रकारच्या डिस्कचं निघालं. दुसरं मागवलं, ते बसलं. जोडल्यावर विंडोजने पडद्यावर विचारलं, डिस्क फॉरमॅट करायची का? घरच्या मुलाचं बोट 'हो' वर जाणारच होतं. अल्लाहच्या कृपेने शेजारी बसलेल्याने हात धरला. केबल बदलून पाहिली, तेव्हा डिस्क नीट उघडली आणि कागदं मिळाली.

त्या घरात तीन ठिकाणी घोळ होऊ शकला असता : डिस्क न ओळखता केसिंग घेणं, केबलकडे दुर्लक्ष करणं आणि जोडल्यावर घाईने बटण दाबणं. आता एकेक करून बघू.

आधी डिस्क ओळखा, मग केसिंग घ्या

केसिंग म्हणजे आत छोटं सर्किट असलेली डबी. डिस्कची भाषा वेगळी, लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टची भाषा वेगळी. मधलं सर्किट दुभाष्याचं काम करतं. म्हणून डिस्क कोणत्या प्रकारची आहे, यावरच कोणतं केसिंग चालेल हे ठरतं. लॅपटॉपमध्ये साधारण तीन प्रकार सापडतात.

पहिला प्रकार : २.५ इंची साटा डिस्क. तळहातावर मावणारी, चपटी, चौकोनी. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक हीच असते. तिच्या कडेला शेजारी-शेजारी दोन पट्ट्या दिसतात. लहान पट्टी ७ पिनची, ती डेटासाठी. मोठी पट्टी १५ पिनची, ती विजेसाठी. २.५ इंची साटा एसएसडीलाही अगदी हेच कनेक्टर असतात, त्यामुळे दोन्हींना एकच केसिंग चालतं.

इथे जाडी नक्की मोजा. काही डिस्क ७ मिलिमीटर जाडीच्या असतात, तर अनेक जुन्या डिस्क ९.५ मिलिमीटरच्या. फक्त ७ मिलिमीटरसाठी बनवलेल्या केसिंगमध्ये ९.५ ची डिस्क बसत नाही. उलट ९.५ च्या केसिंगमध्ये ७ ची डिस्क आरामात बसते, फक्त हलू नये म्हणून स्पंजचा तुकडा लावायचा. तो बहुतेक खोक्यातच मिळतो. थोडक्यात, शंका असेल तर ९.५ मिलिमीटरचं घ्या.

दुसरा प्रकार : एम.२ साटा. च्युइंगमच्या लांब पट्टीसारखी दिसणारी एसएसडी. तिसरा प्रकार : एम.२ एनव्हीएमई. दिसायला दुसऱ्यासारखीच, पण आतली भाषा वेगळी आणि वेग कितीतरी जास्त. सर्वांत जास्त फसगत या दोघांतच होते. साटाच्या पट्टीला टोकाशी बहुतेक दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुतेक एक. पण 'बहुतेक' म्हणतोय, कारण दोन खाचांच्या काही एनव्हीएमई डिस्कही असतात. म्हणून खाचांवर विसंबू नका, डिस्कवरचा स्टिकर वाचा. नसेल कळत तर मॉडेल नंबर मोबाइलवर टाकून शोधा.

एम.२ पट्टीवर २२४२, २२८० असा आकडा असतो. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर, पुढचे दोन म्हणजे लांबी. २२८० म्हणजे ८० मिलिमीटर लांब. काही नव्या लॅपटॉपमध्ये २२३० ची बुटकी पट्टीही येते. केसिंगमध्ये तुमच्या लांबीची पट्टी अडकवायची सोय आहे ना, ते पाहा.

खूपच जुना, २००५ च्या आसपासचा लॅपटॉप असेल तर त्यात आयडीई डिस्क निघू शकते. तिला सपाट पट्ट्यांऐवजी बारीक सुयांच्या दोन रांगा असतात. साटाचं केसिंग तिला चालत नाही, आयडीईचं वेगळं मागावं लागतं.

घरात जुना डेस्कटॉप असेल, तर त्यातली डिस्क ३.५ इंची, वजनाला भारी असते. तिला १२ व्होल्टची वीज लागते आणि ती साध्या यूएसबीतून मिळत नाही. म्हणून तिच्या केसिंगसोबत वेगळा अडॅप्टर आलाच पाहिजे. अडॅप्टरशिवाय ३.५ इंची केसिंग कुणी देत असेल तर घेऊ नका.

केसिंग खरंच लागतं का?

हा प्रश्न दुकानात जाण्याआधीच स्वतःला विचारा, कारण काही वेळा पैसे वाचतात.

काही लॅपटॉपमध्ये २.५ इंची डिस्कच्या जागेशिवाय एम.२ ची एक मोकळी जागाही असते. तसं असेल तर नवी एम.२ एसएसडी त्या जागेत बसवा, विंडोज तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क आहे तिथेच राहू द्या. केसिंगची गरज नाही. लॅपटॉपच्या मॉडेलवरून ही माहिती मिळते, किंवा दुरुस्तीवाल्याला खालचं झाकण उघडून दाखवायला सांगा.

दुसरा मार्ग डीव्हीडीच्या जागेचा. जुन्या लॅपटॉपमधला डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी नावाची चौकट बसवता येते आणि तिच्यात जुनी डिस्क. कॅडीही ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, तेव्हा डीव्हीडी ड्राइव्हची जाडी मोजूनच घ्या.

या दोन्ही सोयी नसतील, किंवा जुनी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरलाही जोडायची असेल, तर केसिंगच योग्य.

आता डेटा नव्या एसएसडीवर कसा नेणार, ते ठरवा. मार्ग दोन आहेत. पहिला, नवी एसएसडी आधी केसिंगमध्ये घालायची, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल म्हणजे क्लोन करायचा, मग दोघींची अदलाबदल करायची. नवी लॅपटॉपमध्ये, जुनी केसिंगमध्ये. दोन्ही २.५ इंची साटा असतील तर एकाच केसिंगमध्ये दोन्ही कामं होतात. मात्र नवी एनव्हीएमई आणि जुनी साटा असेल, तर एका केसिंगने भागत नाही. हे लक्षात न घेतल्याने लोक दोनदा खर्च करतात.

क्लोनसाठी क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण नेहमीच्या पद्धतीत त्याला नवी डिस्क जुनीच्या बरोबरीची किंवा मोठी लागते. १ टीबीच्या जुन्या डिस्कवरून ५१२ जीबीच्या एसएसडीवर जायचं असेल तर एसएसडी कंपनीचं स्वतःचं क्लोन सॉफ्टवेअर मिळतं का ते पाहा. क्लोननंतर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडू नका. दोन हुबेहूब डिस्क एकदम दिसल्या की विंडोज गोंधळतं.

दुसरा मार्ग आम्हाला साध्या घरासाठी बरा वाटतो. एसएसडी बसवा, तिच्यावर विंडोज नव्याने टाका आणि जुन्या डिस्कवरून फक्त लागणाऱ्या फाइली आणा. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे सहसा तो आपोआप चालू होतो. जुन्या डिस्कवरचा कचरा आणि व्हायरसही नव्या डिस्कवर येत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. एसएसडी टाकली म्हणजे लॅपटॉप विंडोज ११ ला लायक झाला, असं नाही. त्यासाठी टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. नाही जमलं तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० ला अपडेट घेता येतात, किंवा लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकता येते.

वेगाचे आकडे किती मनावर घ्यायचे?

खोक्यावर मोठे आकडे छापलेले असतात. त्यांचा अर्थ समजला की जास्तीचे पैसे जात नाहीत.

यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस. प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळतात. यूएसबी ३.० चा वेग ५ जीबीपीएस. लॅपटॉपची फिरणारी हार्ड डिस्क स्वतःच सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, म्हणजे ५ जीबीपीएसच्या रस्त्यावर ती निम्मीही जागा व्यापत नाही.

हिशेब करून बघा. २०० जीबी डेटा काढायचा आहे. सेकंदाला ३५ एमबीने दीड तासाहून जास्त लागेल. १०० एमबीने साधारण ३३ मिनिटं. लहान-लहान हजारो फाइली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढेल. म्हणून यूएसबी २.० चं केसिंग स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. त्याचबरोबर फिरणाऱ्या डिस्कसाठी १० जीबीपीएसचं महाग केसिंग घेण्यातही अर्थ नाही. ते एनव्हीएमईसाठी ठेवा, तेही लॅपटॉपला तसा पोर्ट असेल तरच.

नावांनी घाबरू नका. यूएसबी ३.०, यूएसबी ३.१ जेन १ आणि यूएसबी ३.२ जेन १ ही एकाच ५ जीबीपीएसची तीन नावं आहेत. दुकानात नावापेक्षा जीबीपीएसचा आकडा विचारा. आणि टाइप-सी हा फक्त पिनचा आकार आहे, वेगाची हमी नाही. टाइप-सी लावूनही आत यूएसबी २.० असू शकतं.

खोक्यावर यूएएसपी लिहिलं असेल तर चांगलं. त्यामुळे डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातली देवाणघेवाण जलद होते, एसएसडीला त्याचा जास्त फायदा मिळतो.

चिप, वीज आणि केबल

केसिंगचा खरा जीव आतल्या चिपमध्ये असतो. साटासाठी जेमायक्रॉनची जेएमएस५७८ किंवा एएसमीडियाची एएसएम११५३ई, एनव्हीएमईसाठी जेएमएस५८३, रियलटेक आरटीएल९२१० किंवा एएसएम२३६२, अशी नावं वर्णनात दिसतात. आरटीएल९२१०बी ही चिप एम.२ च्या साटा आणि एनव्हीएमई दोन्ही प्रकारांना चालते. एम.२ पट्टी नक्की कोणती हे कळत नसेल, तर अशी दोन्हींना चालणारी डबी घेणं शहाणपणाचं. ज्या वर्णनात चिपचं नावच नाही, फक्त 'सुपर फास्ट' लिहिलंय, त्यापेक्षा नाव लिहिणारं बरं.

आता विजेचं. २.५ इंची हार्ड डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपियरपर्यंत देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९०० पर्यंत. फिरायला सुरुवात करताना डिस्कला जास्त वीज लागते. ती कमी पडली की डिस्क टक-टक करते, दिसते आणि गायब होते, किंवा विंडोज फॉरमॅट करायला सांगतं. लोक समजतात डिस्क खराब झाली. खरं तर दोष केबलचा किंवा पोर्टचा असू शकतो.

म्हणून केबल आखूड आणि जाड घ्या. लॅपटॉपच्या ३.० पोर्टला थेट लावा, तो बहुतेक आतून निळा असतो किंवा शेजारी एसएस असं लिहिलेलं असतं. स्वस्त यूएसबी हब किंवा लांब एक्स्टेंशन मध्ये घालू नका. जुन्या लॅपटॉपला फक्त २.० पोर्ट असतील तर दोन तोंडांची वाय केबल मिळते, तिने दोन पोर्टची वीज एकदम घेता येते. मोबाइलला ओटीजीने हार्ड डिस्क लावून बघायचा मोहही आवरा. अनेक फोन तिला पुरेशी वीज देऊ शकत नाहीत.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोणतं टिकेल?

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लॅपटॉपच्या हार्ड डिस्क साधारण ६० अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात. खोलीच तापलेली, त्यात बंद प्लास्टिकच्या डबीत तासभर कॉपी चालू, मग उष्णता जाणार कुठे?

फिरणाऱ्या डिस्कसाठी चांगलं प्लास्टिक केसिंग चालतं, पण जाळीची किंवा अॅल्युमिनियमची बॉडी असेल तर बरं. एनव्हीएमई मात्र फार तापते, तिला अॅल्युमिनियमच पाहिजे आणि सोबत उष्णता बॉडीपर्यंत नेणारी मऊ थर्मल पट्टी आली पाहिजे. ती पट्टी न लावता झाकण बंद करू नका. कॉपी दुपारी दोन वाजता नाही, फजरनंतर किंवा रात्री करा. डिस्क गादीवर, उशीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. उभ्या गाडीत तर ती कधीच सोडू नका.

वीज जाण्याचाही विचार करा. लॅपटॉपची बॅटरी निकामी असेल आणि कॉपी चालू असताना लाइट गेली तर फाइली अर्धवट राहतात. इन्व्हर्टरवर लावा किंवा बॅटरी चालणाऱ्या दुसऱ्या लॅपटॉपवर काम करा.

उघडायला स्क्रूवालं घ्यायचं की सरकणाऱ्या झाकणाचं? डिस्क एकदाच बसवून कायम ठेवायची असेल तर स्क्रूवालं घट्ट बसतं. क्लोन करून अदलाबदल करायची असेल तर सरकणाऱ्या झाकणाचं सोपं.

जोडल्यावर घाई नको

डिस्क लॅपटॉपमधून काढण्याआधीच एक गोष्ट तपासा. विंडोजच्या सेटिंगमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का? चालू असेल तर काढलेली डिस्क दुसरीकडे जोडताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेक मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधी ती कागदावर लिहून घ्या. नंतर सापडली नाही तर डेटा डोळ्यांसमोर असूनही उघडणार नाही.

केसिंग जोडल्यावर विंडोज तीन प्रकारे बोलू शकतं.

'परवानगी नाही, पुढे जायचं का' असं विचारलं तर घाबरू नका. जुन्या लॅपटॉपच्या यूजरचं फोल्डर असलं की असं होतं. कंटिन्यू करा.

'फॉरमॅट करायचं का' विचारलं तर कॅन्सल. आधी केबल बदला, पोर्ट बदला, दुसरा कॉम्प्युटर बघा.

'इनिशियलाइज' करायला सांगितलं तरीही कॅन्सल. तो पर्याय रिकाम्या नव्या डिस्कसाठी असतो. जुन्या डिस्कवर तो दाबणं म्हणजे घराच्या दारावरचा नंबरच पुसून टाकणं.

डिस्कमधून टक-टक आवाज चालूच राहिला, तर परत परत जोडून पाहू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. ती बाजूला ठेवा आणि डेटा रिकव्हरी जाणणाऱ्याला दाखवा. आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कची तब्येत बघता येते. पिवळी खूण दिसली तर सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइली काढा, फोटो-व्हिडिओ नंतर.

फाइली कुठे असतात? सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर असतं. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. पण एवढ्यावर थांबू नका. दुकानाचा टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरात असू शकतो. जमातीच्या पत्रिका, निकाहच्या दावतनामे, मदरशाचे उर्दू पेपर इनपेजमध्ये केलेले असतील तर त्या फाइली आणि त्यांचे फॉन्टही उचला.

तयार एक्स्टर्नल डिस्कबद्दल एक इशारा. तिची डबी तुटली म्हणून आतली डिस्क काढून साध्या केसिंगमध्ये घालायचा विचार असेल तर थांबा. अशा काही डिस्कच्या सर्किटवरच यूएसबी पोर्ट असतो, साटाची पिनच नसते. काहींमध्ये डेटा त्यांच्याच सर्किटने कुलूपबंद केलेला असतो.

खरेदी करताना

साध्या साटा केसिंगला काहीशे रुपये पुरतात, एनव्हीएमईचं त्याहून महाग. भंडाऱ्यात मिळालं नाही तर सुमारे ६० किलोमीटरवर नागपूर आहेच, सीताबर्डीत फिरून बघता येतं. दुकानात जाताना डिस्क आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन जा. तिथेच बसवून, जोडून, एखाद-दोन जीबीची फाइल कॉपी करून बघा. मध्येच डिस्क गायब झाली नाही, डबी लगेच चटका बसेल इतकी तापली नाही, तर घ्या. पक्कं बिल मागा.

ऑनलाइन मागवताना, हजार रुपयांत १६ टीबीची डिस्क अशी जाहिरात दिसली की दूर राहा. त्यात बहुतेक लहान मेमरी घालून मोठा आकडा दाखवलेला असतो. फाइली जातात असं वाटतं, नंतर उघडत नाहीत.

एसएसडी बाहेर बसवून घेत असाल तर दुरुस्तीवाल्याला आधीच स्पष्ट सांगा, "जुनी डिस्क आम्हाला परत पाहिजे, फॉरमॅट करू नका." शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या. घरातल्या आया-बहिणींचे फोटो, बँकेचे कागद, मुलांची कागदपत्रं परक्याच्या टेबलावर सोडून यायची नसतात.

जुनी डिस्क ही शेवटची प्रत नको

केसिंगमध्ये गेलेली जुनी डिस्क म्हातारी झालेली असते. तिच्यावर जे आहे ते फक्त तिच्यावरच राहिलं, तर आज ना उद्या धोका आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडारेकर विसरलेले नाहीत. घरात पाणी शिरलं की कागद, लॅपटॉप आणि केसिंग, तिन्ही एकाच कपाटात असतील तर तिन्ही एकदम जातात.

म्हणून महत्त्वाच्या कागदांच्या तीन प्रती ठेवा. एक लॅपटॉपवर, एक केसिंगमधल्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर, म्हणजे लग्न होऊन नागपूरला गेलेल्या बहिणीकडे पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर. मशिदीच्या आणि कब्रस्तानाच्या कागदांची एक प्रत एकट्या सदस्याकडे नको, किमान दोन विश्वस्तांकडे ठेवा आणि कुणाकडे काय आहे याची नोंद कमिटीच्या रजिस्टरमध्ये करा. आज सदस्य आहे, उद्या नसेल. कागद जमातीचे आहेत.

नवी एसएसडी महिनाभर नीट चालली, सगळ्या फाइली उघडून बघितल्या, त्यानंतरच जुनी डिस्क पुसायचा विचार करा. ती कुणाला द्यायची असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्यानंतरही फाइली परत काढता येतात. फिरणाऱ्या डिस्कला विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. एसएसडीसाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला सिक्युअर इरेज हा पर्याय वापरा. बिघडलेली डिस्क भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. ती ई-कचरा आहे, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जायला हवी.

शेवटी, लक्षात ठेवायचं ते एवढंच. डिस्कचा प्रकार आणि जाडी बघा. ५ जीबीपीएसचं, चिपचं नाव लिहिलेलं, आखूड केबलचं केसिंग घ्या. काढण्याआधी बिटलॉकरची की लिहा. जोडल्यावर फॉरमॅट आणि इनिशियलाइज दोन्हींना नाही म्हणा. आणि दुसरी प्रत झाल्याशिवाय काही पुसू नका.

तुमच्याही कपाटात पिशवीत गुंडाळलेली एखादी डिस्क पडली असेल. या रविवारी ती बाहेर काढा, स्टिकर वाचा आणि घरातल्या शिकणाऱ्या पोरा-पोरींना सोबत घेऊन तिच्यावर काय आहे ते बघा. इन्शाअल्लाह, हरवलं असं वाटलेलं पुष्कळ काही परत मिळेल.